आयसीएलनंतर यूबीएम कशासाठी?
आयसीएल म्हणजे चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी मूळ भिंग न काढता डोळ्यात बसवलेली कृत्रिम लेन्स. ती बसवल्यावर ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या आतल्या भागांचं स्कॅन, झालेलं असताना पुन्हा यूबीएम, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी कशाला, असा प्रश्न पडतो. ओसीटी प्रकाशावर चालतं आणि बुबुळाचा रंगीत पडदा तो प्रकाश अडवतो. आयसीएलची टोकं तर नेमकी त्या पडद्यामागच्या खोबणीत टेकलेली असतात! तिथे यूबीएमच्या ३५ ते ५० मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी पोचतात.

व्हॉल्ट, म्हणजे आयसीएल आणि आपलं मूळ भिंग यांच्यातलं अंतर, साधारण २५० ते ७५० मायक्रॉन हवं. कमी असेल तर मोतीबिंदूची भीती, फार जास्त असेल तर पडदा पुढे ढकलला जाऊन डोळ्यातला दाब वाढू शकतो. हे अंतर बाहुलीतून ओसीटीलाही दिसतं. पण ते का बिघडलं, टोक घसरलंय की पडद्यामागे सिस्ट (पाण्याची गाठ) आहे, हे पाहायचं तर यूबीएमच हवं. व्हॉल्ट बिघडलेला असेल तर कृपया ही तपासणी टाळू नका.