पुरुषांच्या विभागातले शर्ट-पँट बाईच्या अंगावर नीट बसवायचे कसे?

सरळरेषा (प्रश्न)

पुरुषांच्या विभागातले सरळ कापाचे शर्ट आणि पँट रोजच्या वापरात आणायचे आहेत. कमरेत चिमटलेलं काही नको. साधी कॉलर, सरळ शिवण, खोल खिसे हवेत. अडचण मापाची आहे. छातीला बसणारा शर्ट घेतला की खांदे दंडावर ओघळतात. खांद्याला बसणारा घेतला की छातीवरची दोन बटणं ताणतात आणि मधे फट पडते. पँट सीटला बसते तेव्हा कमरेला मागे मूठ जाईल एवढी जागा उरते. शिंप्याकडे दिलं की तो 'शेप' देऊन परत करतो, म्हणजे नेमकं जे नको तेच. चारचौघांत सारखा हात कपड्याकडे जातो. ह्यातलं काय दुरुस्त होतं, काय होत नाही?

मुंढा_ते_कफ

शर्टाचं सांगतो. मोठ्या भागाला बसेल असा घ्यायचा आणि बाकीचा आत घ्यायचा, कारण कापड कमी करता येतं, वाढवता येत नाही. तुमच्या बाबतीत मोठा भाग छाती. दुकानात टेप न्या: शर्ट बटणं लावून सपाट पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा. छातीच्या मापापेक्षा हा आकडा 4 ते 5 इंच जास्त हवा. 2 इंचच जास्त असेल तर उभ्याने छान दिसेल, पण हात पुढे घेतला की फट उघडेल.

फट का पडते ते लक्षात घ्या. पुरुषांच्या शर्टाचा पुढचा भाग सपाट कापलेला असतो. उभारावरून जायला लागणारं जादा कापड त्यात ना रुंदीत असतं ना लांबीत. त्यामुळे पुढचा घेर वर उचलला जातो आणि कापड दोन्हीकडून ताणून बटण नाही तिथे उघडतं. काखेखालच्या बाजूच्या शिवणीतून एक टक्स (कापड चिमटीत धरून टोकाकडे निमुळती नेलेली टीप) घेतला तर काखेपाशी जमणारी चुणी जाते. तोंडाशी पाऊण ते एक इंच, आणि टोक उभाराच्या टोकापासून एक इंच अलीकडे थांबलेलं. टोकापर्यंत नेला तर तिथे कापडाची चोच उभी राहते. टक्सने रुंदी वाढत नाही हे मात्र विसरू नका; रुंदी मोठ्या मापातूनच यायला हवी. आणि टक्स घेतला तेवढी पुढची बाजू शिवणीपाशी आखूड होते, म्हणून खालची दुमड उसवून पुन्हा बसवावी लागते. हे आधी सांगितलं नाही तर एक टोक वर, एक खाली असा शर्ट हातात येतो.

उरलेल्या फटीला ताणणाऱ्या दोन बटणांच्या मधे, आतून एक टिचबटण. बाहेरून काही दिसत नाही.

खांदा एक इंचापर्यंत ओघळत असेल तर राहू द्या. मऊ सुती कापडात ते वाईट दिसत नाही. त्याहून जास्त असेल तर बाही उसवून खांदा कापावा लागतो, प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त एक इंच. त्यापुढे मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाचा, आकार बिघडतो. खांदा आत गेला की कफही तेवढाच वर सरकतो, तेव्हा बाही आधी लांब आहे ना ते बघा.

शिंप्याला तोंडी सांगू नका, कागदावर द्या: 'कमरेत टक्स नको. पाठीला टक्स नको. बाजूची शिवण काखेपासून खालपर्यंत सरळ.' त्याचा हात सवयीने कमरेकडे वळतो, त्यात वाईट हेतू नसतो. नवा शिवून घेत असाल तर काजं डाव्या पट्टीवर हवीत हेही लिहा. बायकांच्या शर्टाला ती उजवीकडे असतात.

कच्चा_दोरा

वरच्यात एक भर. टक्स दिसायलाच नको असेल तर नवा शिवताना पुढे छातीवर आडवा योक, म्हणजे वरचा वेगळा कापून जोडलेला तुकडा, घ्या. टक्सचं कापड योकच्या जोडात मुरवता येतं आणि शर्ट सपाटच वाटतो. मोठ्या चौकड्यांच्या कापडात टक्स घेऊ नका, रेघा तुटतात. फार पातळ पॉपलीन ताण लपवत नाही, थोडं जाड ऑक्सफर्ड लपवतं.

आसन_बैठक

पँट सीटवरून निवडा, कमरेवरून नाही. आणि कंबर मोजायची ती पट्टी जिथे बसणार तिथे, बहुधा बेंबीच्या बरंच खाली. खिशांची तोंडं कानासारखी बाहेर येत असतील किंवा सीटवर आडव्या सुरकुत्या असतील तर ती तंग आहे, एक माप वर जा. सीटखाली कापड लोंबत असेल तर जास्त आहे.

मागची मूठभर जागा काढणं औपचारिक पँटीत सोपं असतं, कारण तिची कंबरपट्टी मागे मधोमध दोन तुकड्यांत जोडलेली असते. ती शिवण उसवून 2 इंचांपर्यंत आत घेता येतं. त्यापुढे गेलात तर मागचे दोन खिसे एकमेकांना भिडायला लागतात आणि बाजूच्या शिवणी मागे ओढल्या जातात. जीन्सची पट्टी अखंड असते, तिथे कापून जोड द्यावा लागतो आणि जुन्या टिपेची खूण राहते.

चेनखाली कापडाचा फुगा येतो, कारण तिथे पुरुषाच्या शरीरासाठी जागा ठेवलेली असते. पायाच्या आतल्या शिवणीत फक्त पुढच्या भागातून अर्धा इंच घ्या. चेन उसवायला देऊ नका, ती परत सरळ बसणं कठीण.

सुती पँट आधी दोनदा धुवा, मग उंची कापा. धुण्याआधी कापलेली पँट घोट्याच्या वर जाते.

श्वास_मोकळा

शर्ट सपाट दिसावा म्हणून आतून काही घालणार असाल तर त्याबद्दल. पुष्कळांना व्यायामाची घट्ट ब्रा पुरते. छाती दाबणारा बाइंडर घेतलात तर तो स्वतःच्या मापाचाच, लहान नाही. सुरुवातीला तास-दोन तास, पुढेही 8 तासांहून जास्त नाही. झोपताना आणि व्यायामाला काढायचा. इलॅस्टिकचं बँडेज किंवा चिकटपट्टी कधीच गुंडाळू नका. श्वास घेताना बरगड्या फुलतात, बँडेज त्यांना फुलू देत नाही. दुखलं, बधिर वाटलं, पूर्ण श्वास येईना, की लगेच काढा. शर्ट जरा ढगळ दिसला तर काही बिघडत नाही, बरगड्या जपा.

दोन_पावलं

सारखा हात जातो त्यातलं बरंचसं मापामुळे असतं, 'हे आपल्याला शोभत नाही' म्हणून नव्हे. ते आधी वेगळं काढा. घरात चार तास घालून बसा, वाका, बुटाची नाडी बांधा, वरच्या फळीवरचा डबा काढा. जिथे हात गेला ती जागा खडूने खुणवा आणि शिंप्याला तीच दाखवा. उरलेलं अवघडलेपण सवयीचं असतं. एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी पँट, मग शर्ट, मग बूट. पहिल्यांदा छोट्या कामाला बाहेर पडा. कोणी विचारलं तर 'मला ह्यात बरं वाटतं' एवढंच पुरे. कारणं देत बसलं की वाद वाढतो.

आणि 'पुरुषी' हा शिक्का कापडावर नसतो, हुकमाने मारलेला असतो. पॅरिसच्या पोलिसांनी 1800 साली फर्मान काढलं होतं की बाईला पुरुषाचा पोशाख घालायचा तर परवाना हवा, त्याला डॉक्टरचा दाखला लागे. चित्रकार रोझा बोन्हर यांनी जनावरांच्या बाजारात बसून रेखाटनं करता यावीत म्हणून असा परवाना घेतला होता. ते फर्मान आता लागू नाही हे सरकारने सांगितलं ते थेट 2013 मध्ये.

सरळरेषा

खडूची युक्ती आजच करते. एकच राहिलं: आधीच्या दोन बायकी पँटी चांगल्या आहेत, पण खिशात मोबाइल अर्धा बाहेर राहतो. त्यांचे खिसे खोल होतात का?

आसन_बैठक

होतात. खिशाची पिशवी तळाशी उसवा, 4 इंचांचा सुती तुकडा जोडा, कडेला दुहेरी टीप मारा. अस्तराचं गुळगुळीत कापड वापरू नका, किल्ल्यांनी फाटतं. पिशवीची वरची कड कंबरपट्टीत अडकलेली आहे ना ते बघा, नाहीतर वजनाने खिसा मांडीवर लोंबतो. पँट मांडीला घट्ट असेल तर मात्र खिसा खोल करून उपयोग नाही, बसलं की मोबाइल रुततो. तिला राहू द्या, दुसरी करा.