छेत्री मुंबईकडून खेळलाय ना?

डोंबिवलीकर: भाचा म्हणतो, फुटबॉलपटू सुनील छेत्री म्हणजे फक्त बेंगळुरू क्लब. मला तो मुंबई सिटीच्या निळ्या जर्सीत आठवतोय. वडापावची पैज लागलीय.

राईट_विंगर: वडापाव तुमचा. 2015 आणि 2016, इंडियन सुपर लीगचे (आयएसएल) दोन मोसम. 2015 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेड संघाविरुद्ध हॅटट्रिकही मारली, आयएसएलमधली भारतीय खेळाडूची पहिलीच.

अंधेरी_पश्चिम: मला क्लबपेक्षा 4 जून 2018 जास्त आठवतो. त्याआधी भारताकडून चायनीज तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवान) त्याने तीन गोल केले, पण स्टँड ओस. मग त्याने व्हिडिओवर हात जोडून 'या, शिव्या द्या, पण या' असं सांगितलं. केनियाविरुद्ध त्याची भारतासाठी शंभरावी मॅच, आपल्याच अंधेरीत, तिकिटं संपलेली. पाऊस असा की बॉल टप्पा पडून तिथेच थबकायचा. मी चपलांत गेलो होतो (मूर्खपणा), एक गटारात गेली. 3-0, त्यात त्याचे दोन. दुसरा तर गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद! अनवाणीच घरी आलो.

डोंबिवलीकर: भाचा आता म्हणतो, तो 2024 ला निवृत्त झाला.

राईट_विंगर: झाला, पण फक्त भारतीय संघातून; शेवटची मॅच कुवेतविरुद्ध, कोलकात्यात. मार्च 2025 मध्ये परत आला आणि मालदीवविरुद्ध भारतासाठी पंचाण्णवावा गोल ठोकला. अजून एक वडापाव वसूल करा.