भाजणीला दुकानातून मोठी मागणी आली आहे. व्यवसाय आत्ता वाढवावा का?

प्रश्न — भाजणी_कराड

नमस्कार. मी कराडला राहते आणि गेली ४ वर्षे थालिपिठाची भाजणी घरी करून विकते. सुरुवात आमच्याच गल्लीतल्या तीन घरांपासून झाली. आता महिन्याला साधारण ६० किलो भाजणी जाते. दर किलोला २२० रुपये असून गिऱ्हाईक बहुतेक ओळखीचे असल्यामुळे पैसे लगेच हातात येतात.

गेल्या महिन्यात साताऱ्यातील एका मोठ्या किराणा दुकानाने आठवड्याला ४० किलो माल मागितला. छापील किमतीच्या २५ टक्के त्यांचे आणि माझे पैसे ४५ दिवसांनी, अशा त्यांच्या अटी आहेत. त्यातच बंगळूरला राहणाऱ्या मावसबहिणीने तिकडच्या मराठी कुटुंबांकडूनही मागणी येईल असे कळवले आहे. एक विक्रेता भाजण्याचे यंत्र ३ लाखांना देतो आणि त्यासाठी कर्ज मिळेल असे सांगतो. यजमानांच्या मते चालून आलेली संधी सोडू नये. सासूबाई, ज्यांच्याकडून मी ही भाजणी शिकले, म्हणतात की हात जेवढे आहेत तेवढेच काम अंगावर घ्यावे. मला दोघांचेही पटते, म्हणून अनुभवी मंडळींना विचारत आहे.

उत्तर — जमाखर्च

ताई, मी लहान उद्योगांचे हिशेब लिहितो. मागणी चांगली की वाईट हे ठरवण्याआधी एका किलोला तुम्हाला खरोखर किती खर्च येतो ते पाहू. धान्याचे भाव मी अंदाजाने धरले आहेत, तिथे तुमचे आकडे घाला.

१० किलोचे धान्य, डाळी, धणे आणि जिरे मिळून ७५० रुपये धरू. दळणाचे १००, गॅसचे ८०, पिशव्या आणि लेबलांचे १६०. आता बहुतेक घरगुती व्यवसायांत कागदावर कधीच न येणारा आकडा पाहा, तो म्हणजे तुमची मजुरी. धुणे, वाळवणे, प्रत्येक धान्य वेगळे मंद आचेवर भाजणे, गिरणीत जाऊन येणे आणि पिशव्या भरणे, याला ८ तास लागत असतील आणि तासाला ६० रुपये धरले, तर ४८० रुपये होतात. एकूण १,५७० झाले. भाजताना धान्यातला ओलावा उडतो आणि थोडे पीठ गिरणीत राहते, त्यामुळे १० किलोचे ९ किलोच हाती येते असे समजू. म्हणजे किलोला सुमारे १७५ रुपये पडले.

घरी २२० ला विकता तेव्हा मजुरी सुटून ४५ रुपये उरतात. त्याच छापील किमतीवर दुकानदाराने ५५ रुपये घेतले की तुमच्या हाती १६५ येतात. प्रत्येक किलोमागे १० रुपये तोटा, आणि त्यात कराड ते सातारा वाहतूक धरलेलीच नाही. आज हा तोटा दिसत नाही, कारण तुम्ही स्वतःची मजुरी शून्य मानता. ज्या दिवशी मदतीला बाई ठेवाल, त्या दिवशी तो रोख पैशात दिसू लागेल.

उधारीचाही हिशेब करा. आठवड्याला ४० किलो याप्रमाणे ६ आठवड्यांचा २४० किलो माल पहिला रुपया येण्याआधी बाहेर गेलेला असेल. मजुरी सोडली तरी किलोला १२१ रुपये रोख खर्च आहे, म्हणजे सुमारे २९,००० रुपये अडकले. हे पैसे कुठून आणणार, याचे उत्तर नसेल तर ही मागणी तुम्हाला वाढवणार नाही, ओढत नेईल. शिवाय घरची साधारण १५ आणि दुकानाची ४० अशा ५५ किलोच्या आठवड्याला ९ किलोचे ६ घाणे लागतात, म्हणजे जवळपास ५० तासांचे काम. सासूबाईंचे म्हणणे हिशेबातही बरोबर ठरते.

कर्जाविषयी थोडक्यात. २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठरवलेले होते. मात्र ते बँकेच्या कर्जाला जोडलेले होते, रोख हातात मिळत नव्हते. यंत्र आधी आणि गिऱ्हाईक नंतर, असा क्रम मी कोणालाही सुचवणार नाही.

उत्तर — किराणा_सांगली

माझे सांगलीत किराणा दुकान आहे, म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूने लिहितो. नवीन माल खपेल की नाही हे आम्हाला ठाऊक नसते, म्हणून आम्ही उधारी मागतो. ही पहिली बोलणी असते, शेवटची नव्हे. तुम्ही आठवड्याला ४० ऐवजी १० किलो द्या आणि मागचे बिल चुकते झाल्यावरच पुढचा माल उतरवा. माल चालला तर दुकानदार स्वतःच पैसे तयार ठेवतो, कारण फडताळ रिकामे राहिलेले त्यालाही परवडत नाही. न खपलेला माल परत घेण्याची मुदत मात्र आधीच ठरवून घ्या, नाहीतर पाच महिन्यांनी फाटलेल्या पिशव्या तुमच्याकडे येतील.

दर वेळी चलनावर सही आणि तारीख घ्यावी. लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते, ती आजच करा. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. पुरवठादाराला हे माहीत आहे एवढे दिसले तरी बोलण्याचा सूर बदलतो.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. दुकानात २८० आणि तुमच्या घरी २२० असा फरक ठेवू नका. गिऱ्हाईक आमच्याच काउंटरवर उभे राहून फोनवर तुमचा भाव विचारते आणि त्या दिवसापासून तुमची पिशवी मागच्या रांगेत जाते.

उत्तर — मसाले_रत्नागिरी

मी ९ वर्षे गोडा मसाला, मेतकूट आणि कुळीथ पीठ करते. वरची दोन्ही उत्तरे योग्य आहेत. मला चवीबद्दल लिहायचे आहे, कारण माझे नुकसान तिथे झाले.

तिसऱ्या वर्षी मागणी वाढली तेव्हा मी भाजण्याचे काम दोन बायकांकडे सोपवले आणि स्वतः विक्रीच्या मागे लागले. दोघीही कष्टाळू होत्या, पण हरभऱ्याची डाळ नेमकी कोणत्या रंगावर उतरवायची हे त्यांना मी नीट दाखवलेच नव्हते. एका खेपेचे मेतकूट कच्चट झाले. शिवाय पीठ पुरते निवण्याआधीच पिशव्या भरल्या गेल्या, आत वाफ धरली आणि तीन आठवड्यांत गुठळ्या दिसू लागल्या. ३५ किलो माल परत आणून टाकून द्यावा लागला. चूक सर्वस्वी माझी होती. त्यानंतर निवडणे, वाळवणे, वजन करणे आणि पिशव्या भरणे ही कामे वाटून दिली. भाजणे आजही माझ्यासमोरच होते आणि दळण परातीत पसरून रात्रभर निवल्याशिवाय पिशवीत जात नाही.

लिज्जत पापडाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केले. पुढे ते हजारो घरांत पोहोचले, पण पीठ एका ठिकाणी मळून मगच लाटायला घरोघरी दिले जाते. चव ठरवणारे काम त्यांनी एकाच जागी ठेवले. तुमच्या भाजणीत ते काम कढईजवळ आहे.

कागदपत्रांबद्दल. अन्नसुरक्षेची नोंदणी नसेल तर दुकानात माल ठेवूच नका. मी २०२१ मध्ये केली तेव्हा १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान उत्पादकाला वर्षाला १०० रुपये शुल्क होते. मिळालेला १४ अंकी क्रमांक पिशवीवर छापावा लागतो. त्याबरोबर घटकपदार्थ, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाची आणि वापराच्या मुदतीची तारीख, खेप क्रमांक, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, तुमचा पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. भाजणीत गहू घालत असाल तर त्याचा उल्लेख ठळक करा, कारण काहींना गहू सोसत नाही. वापराची मुदत मनाने लिहू नका. एका खेपेच्या १२ पिशव्या बाजूला ठेवून दर पंधरा दिवसांनी एक फोडा, वास घ्या आणि थालीपीठ लावून पाहा. स्वयंपाकघरातला घरगुती सिलिंडर व्यवसायाला वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. गॅसचा आकडा त्याप्रमाणे पुन्हा धरा.

बंगळूरच्या मागणीबाबत जपून राहा. महाराष्ट्रात वस्तू विकताना वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी ती घ्यावी लागते. दहा-वीस किलोसाठी विवरणपत्रांचे काम परवडते का, ते कर सल्लागाराला विचारून ठरवा.

प्रश्नकर्तीचे उत्तर — भाजणी_कराड

सर्वांची मनापासून आभारी आहे. परवा आणि काल मी प्रत्येक कामाची वेळ वहीत लिहिली आणि धान्य आधी व पीठ नंतर वजनकाट्यावर ठेवले. १० किलोचे ८ किलो ९०० ग्रॅम भरले आणि वेळ साडेनऊ तास लागला. जमाखर्च यांचे बाकीचे आकडे तसेच धरले तर किलोला १८७ रुपये पडतात. चार वर्षे मी हा खर्च १२० समजत होते. व्यावसायिक सिलिंडरचा फरक यात अजून यायचा आहे.

छापील किंमत २९० ठेवली तर दुकानातून २१७ रुपये ५० पैसे येतील. जुन्या गिऱ्हाइकांना पुढच्या महिन्यापासून हाच भाव असेल असे आज सकाळी कळवले. दोघींनी नाराजी बोलून दाखवली, बाकीच्यांनी नेहमीची मागणी नोंदवली. सातारच्या दुकानाला आठवड्याला १० किलो आणि मागचे बिल मिळाल्यावर पुढचा माल, असे कळवले आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. नाही म्हणाले तर कराडमधल्याच दोन लहान दुकानांना विचारणार आहे. यंत्राच्या विक्रेत्याला तूर्त नको म्हणून सांगितले.

पिशव्या भरायला शेजारच्या वहिनी रोज दोन तास येतील. पहिल्या खेपेतल्या १२ पिशव्यांवर तारीख घालून त्या फडताळात ठेवल्या आहेत. पहिली फोडायची ती सासूबाईंच्या समोर.