गाडी उघडी होती तरी ती चोरीच

तुमचा लॅपटॉप लॉक न केलेल्या गाडीतून गेला, त्यावर गाडी लॉक नव्हती म्हणजे पोलीस चोरी लिहून घेणार नाहीत, त्यापेक्षा ‘लॅपटॉप हरवला’ अशी ऑनलाइन नोंद करून मोकळं व्हा, असं इथे दोघांनी सुचवलंय. मला हे अजिबात पटलं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये कुलूप तोडण्याची अट कुठेच नाही. तुमच्या संमतीशिवाय, लबाडीच्या हेतूने वस्तू हलवली की ती चोरी. मुंबई पोलिसांची ती ऑनलाइन सोय खरोखर गहाळ झालेल्या वस्तूंसाठी आहे, चोरीच्या तक्रारीसाठी नाही. एफआयआरच करा.

माझ्या भावाची लॅपटॉपची बॅग राणीच्या बागेबाहेर गाडीतून गेली, मुलांना उतरवण्याच्या गडबडीत. त्यालाही आधी ‘गहाळ लिहून द्या’ असंच सांगितलं होतं, पण वहिनी अडून बसली आणि एफआयआर करूनच उठली. त्यात तिने खोक्यावरचा सिरियल नंबर आवर्जून लिहून घेतला. मोबाइलसारखा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) बहुतेक लॅपटॉपना नसतो, ओळख पटते ती या नंबरावरूनच. पुढे दुसऱ्याच एका प्रकरणात जप्त झालेल्या मालात तो लॅपटॉप सापडला आणि कोर्टात अर्ज करून, बंधपत्र (लेखी हमी) देऊन परत मिळाला. खोकं टाकून दिलं असेल तर नंबर बिलावर बघा. पोलीस ठाण्यात नकारच मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे लेखी तक्रार पोस्टाने वरिष्ठांकडे, म्हणजे मुंबईत परिमंडळाच्या (झोनच्या) पोलीस उपायुक्तांकडे पाठवता येते. पोचपावती जपून ठेवा.