मदत हवी आहे: बर्लिनला खोलीचे डिपॉझिट आजच पाठवायचे आहे, साताऱ्यातून कसे?

शाहूपुरी_सातारा
मुलगी मास्टर्ससाठी बर्लिनला आहे. खोली मिळाली आहे. मालकाला १,६८० युरो आज संध्याकाळपर्यंत पोचले नाहीत तर तो दुसऱ्याला देणार. पोवई नाक्यावरच्या आमच्या बँकेत सकाळी दोन तास बसून आलो. परकीय चलनाचे काम इथे होत नाही, कागद पुण्याला जातील, दोन दिवस लागतील म्हणतात. तेवढा वेळ नाही. लगेच पैसे पोचवायचा मार्ग सांगा. बाकीची चर्चा कृपया नको.

विश्रामबाग
पैसे मुलीच्या खात्यावर जायचे आहेत की मालकाच्या? फॉर्म ए-२ (परदेशी रक्कम पाठवायचा अर्ज), तुमचे पॅन, मुलीचा पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशपत्र एवढे कागद तयार ठेवा. उद्देशाचा संकेतांक एस०३०५, परदेशी शिक्षणाचा. राहण्याचा खर्च त्यातच बसतो. नेटबँकिंगमध्ये परदेशी रक्कम पाठवायची सोय चालू असेल तर शाखेत जायची गरज नाही. पण नवीन खाते जोडले की बऱ्याच बँका काही तास थांबवतात, आणि दुपारी ठरावीक वेळेनंतर केलेला व्यवहार दुसऱ्या दिवशीचा धरतात. शुल्काच्या रकान्यात 'ओयूआर' निवडा, नाहीतर मधली बँक आपले पैसे कापून घेते आणि रक्कम कमी पोचते. पोचायला एक ते तीन कामाचे दिवस धरा. आज संध्याकाळ विसरा.

हळदपेठ
एवढी यातायात कशाला? तिकडे ओळखीचे कुणी असेल तर त्यांना युरो भरायला सांगा, इकडे त्यांच्या घरी रुपये पोचवा. दहा मिनिटांचे काम.

विश्रामबाग
हळदपेठ, असले सल्ले देऊ नका. तिकडे युरो, इकडे रुपये ही अदलाबदल फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही. शिवाय शिक्षणकर्ज असेल तर खर्चाचा कागद लागतो, तो कुठून आणणार?

मिरजकर_बर्लिन
काका, बँकेचे नंतर बघू. आधी एवढे सांगा: खोली मुलीने आत जाऊन पाहिली का? मालक कुठे आहे? भाडे किती, काल्ट (नुसते भाडे) किती आणि वार्म (हीटिंग वगैरे धरून) किती? आयबॅनची, म्हणजे त्याच्या खाते क्रमांकाची, सुरुवात कोणत्या दोन अक्षरांनी होते? आणि मुलगी आत्ता राहते कुठे?

शाहूपुरी_सातारा
होस्टेलवर आहे, सोमवारपर्यंत. मालक कामानिमित्त स्पेनमध्ये असतो, म्हणून खोली बघता आली नाही. पैसे मिळाले की किल्ली कुरिअरने पाठवणार आहे. स्वतःच्या पासपोर्टचा फोटो आणि सही केलेला करार पाठवला आहे, माणूस सभ्य वाटतो. मिट्टे भागात ३२ चौरस मीटरचा स्वतंत्र फ्लॅट, काल्ट ३४०, वार्म ४२०. आयबॅन 'ईएस'ने सुरू होतो, स्पेनचा. आता तरी मार्ग सांगाल का?

मिरजकर_बर्लिन
पैसे पाठवू नका. ही फसवणूक आहे.

मिट्टेत ४२० युरोत स्वतंत्र फ्लॅट मिळत नाही, या भावात साधी सामायिक घरातली खोली मिळाली तरी नशीब. मालक परदेशी, किल्ली कुरिअरने आणि आजच पैसे, ही तिन्ही एकत्र आली की पुढे काही तपासायचे उरत नाही. पासपोर्टचा फोटो बहुधा आधी फसलेल्या कुणाचा तरी असतो.

कायद्याने बघा. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचे काल्ट भाडे, म्हणजे तुमच्या आकड्यांत १,०२०. त्याने मागितले १,६८०, म्हणजे चार महिन्यांचे वार्म. वर ते तीन समान हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना देय होतो. किल्लीआधी सगळी रक्कम घ्यायचा प्रश्नच येत नाही.

मुलीने त्याला काय काय पाठवले आहे?

शाहूपुरी_सातारा
पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत पाठवली आहे. पैसे नाही. मग आम्ही करायचे काय? सोमवारनंतर तिने जायचे कुठे?

कोयनाकाठ
म्हणून म्हणतो, मुलांना बर्लिन-म्युनिकला पाठवूच नये. केमनिट्झसारखे शहर घ्या, टेक्निकल युनिव्हर्सिटी आहे, भाडे बर्लिनच्या कितीतरी खाली.

विश्रामबाग
प्रवेश झाला, मुलगी पोचली. आता शहर बदलून काय होणार?

खणभाग
टीसीएसचे, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक कापते त्या कराचे, कुणी बोलले नाही. एका पॅनवर आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत लागत नाही, वरच्या रकमेवर लागतो. ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचे खाते) ११,९०४ युरो याच वर्षी गेले असतील तर मर्यादा संपली असणार. बँकेच्या शिक्षणकर्जातून रक्कम गेली तर टीसीएस नाही. कापला गेला तरी विवरणपत्रात वळता होतो.

चारभिंती
कुणी आता जाणार असेल तर सामानाचे ध्यानात ठेवा. कंदी पेढे, तूप, खवा नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर काढून टाकतात. ताजा कढीपत्ताही नको. सांगलीची हळद, बेदाणे, भडंग, मेतकूट चालते.

शाहूपुरी_सातारा
मी सामानाचे विचारलेले नाही.

मिरजकर_बर्लिन
काका, मुलीला आज हे करायला सांगा.

त्या माणसाशी बोलणे बंद, पण संदेश, करार, आयबॅन काही पुसायचे नाही. बर्लिन पोलिसांच्या 'इंटरनेटवाखे' या संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची. पैसे गेले नसले तरी पासपोर्टची प्रत बाहेर गेली आहे. उद्या तिच्या नावावर कुणी काही केले तर तक्रारीचा क्रमांक हाताशी हवा. यापुढे प्रत देताना तिच्यावर आडवे 'फक्त भाड्याच्या अर्जासाठी' आणि तारीख लिहायची.

होस्टेलचे दिवस आजच वाढवा. ऑक्टोबरच्या तोंडावर रोज महाग होते. स्टुडिरेंडेनवेर्क या विद्यार्थी-सेवा संस्थेच्या वसतिगृहाचा अर्ज करून ठेवायचा, पण त्याची वाट बघत बसायचे नाही. आत्ता शोधायची ती 'झ्विशेनमिएटे', म्हणजे कुणी दोन-तीन महिने बाहेरगावी गेले की त्याची खोली तेवढ्यापुरती. जाहिरातीत 'आनमेल्डुंग म्योग्लिश', म्हणजे त्या पत्त्यावर सरकारी नोंदणी होऊ शकते असे, असेल तिथेच अर्ज. वेडिंग, नॉयक्योल्न, लिश्टेनबेर्ग, रिंगबानच्या (शहराभोवतीच्या गोल रेल्वेमार्गाच्या) बाहेर गेले तरी चालेल.

हळदपेठ
आनमेल्डुंगचे टेन्शन घेऊ नका. १००-१५० युरो घेऊन पत्ता देणारे असतात, त्यावर नोंदणी होऊन जाते.

मिरजकर_बर्लिन
नाही. प्रत्यक्ष राहत नसलेल्या पत्त्यावर नोंदणी बेकायदेशीर आहे. असा पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होतो, आणि मुलीला पुढे निवास परवान्यासाठी याच खात्यांसमोर बसायचे आहे. शिवाय त्या पेटीत येणारी पत्रे तिला मिळणार कशी? कर क्रमांक टपालानेच येतो.

नोंदणीची दोन आठवड्यांची मुदत घरात राहायला गेल्यापासून मोजतात, विमानातून उतरल्यापासून नाही. तेव्हा एवढी घाई करायची गरज नाही. अपॉइंटमेंट शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टची (नागरी कार्यालयाची) चालते. सकाळी रद्द झालेल्या वेळा संकेतस्थळावर परत दिसतात, नाहीतर ११५ वर फोन.

शाहूपुरी_सातारा
बँकेत सांगून आलो, पैसे पाठवायचे नाहीत. त्या माणसाला मुलीने फ्लॅटच्या आतून व्हिडिओ कॉल करा म्हटले, तर उत्तर नाही आणि जाहिरातही गेली. तक्रार केली आहे. उद्या अकरा वाजता वेडिंगमध्ये एक खोली बघायला जाते आहे. तीन महिने, ५९० वार्म, डिपॉझिट ५००. खोली देणारी मुलगी स्वतःच भाडेकरू आहे, मालक नाही. हे चालते का? काय काय बघायचे? आणि पैसे कसे द्यायचे, ब्लॉक्ड अकाउंटमधून महिना ९९२ च निघतात आणि तेही अजून सुरू नाही.

मिरजकर_बर्लिन
चालते. मूळ भाडेकरूच तुमच्या मुलीची 'वोनुंग्सगेबर' (घर देणारी) ठरते, नोंदणीचा फॉर्म तीच सही करून देऊ शकते. फक्त उपभाडेकरू ठेवायला मालकाची परवानगी आहे का ते विचारा आणि लेखी दाखवायला सांगा. त्या भाडेकरूच्या मूळ करारावरचे नाव, तिचे ओळखपत्र आणि दाराच्या बेलवरचे नाव एक आहे का बघायचे. हीटर सुरू करून पाहायचा, खिडकीच्या कडेला बुरशी असेल तर किल्ली घेतानाच फोटो काढून तिलाच पाठवायचे. ५९० मध्ये वीज आणि इंटरनेट आहे का? रुंडफुंकबाइट्राग (रेडिओ-टीव्हीचे शुल्क) घरटी महिना १८.३६ युरो असतो, तो कोण भरते तेही विचारायचे.

विश्रामबाग
पैशांसाठी फॉरेक्स कार्ड असेल तर तुम्ही इथून त्यात रक्कम भरू शकता. एटीएमची रोजची मर्यादा बघून दोन दिवसांत काढायला सांगा. किल्ली हातात आल्यावरच रोख द्यायची आणि तिथेच पावती घ्यायची: रक्कम, तारीख, कशासाठी, सही.

मिरजकर_बर्लिन
आणि राहायला गेल्या दिवशीच टपालपेटीवर मुलीचे आडनाव चिकटवायचे. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, मग बँकेचे कार्ड आणि कर क्रमांक दोन्हीसाठी पुन्हा अर्ज.

शाहूपुरी_सातारा
परवानगीचे पत्र आत्ता मागवले आहे. आले की इथे कळवतो.