एल्डन रिंग या व्हिडिओ गेममध्ये शील्ड म्हणजे ईझी मोड? काहीही हां

ढालगज:
परवा परत तेच ऐकलं, "शील्ड घेऊन खेळतोस होय, मग काय, सोप्पंय". अरे, शील्ड वर धरली म्हणून फटका फुकटात जात नाही, तो स्टॅमिनातून, म्हणजे दमाच्या पट्टीतून वसूल होतो, किती ते शील्डच्या गार्ड बूस्टवर, म्हणजे फटका पेलायच्या ताकदीच्या आकड्यावर ठरतं, आणि वर धरलेली असताना स्टॅमिना भरतो गोगलगायीच्या चालीने. लांब कॉम्बोत नुसतं धरून उभे राहिलात की गार्ड फुटलाच, मग बॉस, म्हणजे समोरचा बडा शत्रू, निवांत येऊन कुटतो. खाली कधी घ्यायची हे कळणं हाच तर खेळ आहे. वर गार्ड काउंटर, ब्लॉक झाल्या झाल्या हेवी अटॅक, दोन-तीन नीट बसले की भलेभले गुडघ्यावर येतात. माझ्या मते रोलपेक्षा, म्हणजे लोळून फटका चुकवण्यापेक्षा, शील्डला डोकं जास्त लागतं.

रोलबहाद्दर:
डोकं?? ब्रास शील्ड घ्यायची, फिजिकल डॅमेज १०० टक्के अडतंय, तिच्या मागून भाला टोचत बसायचं, यात कसलं डोकं रे. सुरुवातीचा बॉस मार्गिट बघ, काठी वर नेतो आणि नुसता थांबतो, नवा माणूस घाबरून आधीच लोळतो आणि उठताना बरोब्बर खातो. मागे पळून लोळलं तरी पोचतोच तो, त्याच्या अंगावर, फटक्याच्या आतून लोळावं लागतं. हे अंगात मुरायला वेळ लागतो राव.

वजनकाटा:
तुमच्या दोघांच्या भांडणात लोड, म्हणजे अंगावरच्या सामानाचं वजन, कोणी बघतच नाही. मोठी शील्ड, जाड चिलखत, एकूण वजन पेलायच्या मर्यादेच्या ७० टक्क्यांच्या वर गेलं की धप्पकन फॅट रोल, म्हणजे जड, संथ लोळण, मग ग्रॅब, म्हणजे बॉसची पकड आली की बसा बोंबलत, कारण ग्रॅब ब्लॉक होत नाही.

रोलबहाद्दर:
@ढालगज आणि मलेनिया? तिचा फटका शील्डवर घेतला तरी तिची हेल्थ भरते. बोल आता.

ढालगज:
एका बॉससाठी शील्ड पाठीवर टाकली तर काय बिघडलं? एका मलेनियावरून अख्खी शील्ड बाद करणार का तुम्ही. आणि २०२४ च्या डीएलसीत, म्हणजे गेमच्या जोडभागात, डिफ्लेक्टिंग हार्डटिअर आलं ते विसरलात? फिझिकमध्ये, म्हणजे गेममधल्या औषधाच्या कुपीत टाकून प्यायचं, फटका लागायच्या ऐन क्षणी ब्लॉक दाबायचा, डॅमेज कमी, स्टॅमिना कमी, पुढचा गार्ड काउंटर अजून जोरात. कंपनीनेच ब्लॉकवाल्यांना मान दिलाय.

रोलबहाद्दर:
ते टायमिंग झालं, शील्ड नाही!! नुसत्या तलवारीनेही होतं ते. उलट माझाच मुद्दा सिद्ध झाला, मजा टायमिंगमध्येच आहे, आडोशाला उभं राहण्यात नाही.

नवखा_पुणेकर:
भांडा नंतर, मी मार्गिटलाच अडकलोय. शील्ड घेऊ का रोल शिकू?

ढालगज:
काठी ब्लॉक कर आणि लगेच काउंटर मार. फक्त ते सोनेरी खंजीर आणि हातोडा काढले की ते होली डॅमेज, म्हणजे फिजिकलहून वेगळं, जादूई, १०० टक्के फिजिकलवाल्या शील्डमधूनही झिरपतं, तिथे लोळ.

रोलबहाद्दर:
"तिथे लोळ". स्क्रीनशॉट काढून ठेवलाय मी 😂

ढालगज:
काढ की, पण "काठी ब्लॉक कर" कापू नकोस त्यातून.