गरोदरपणात पुन्हा पुन्हा होणारा लघवीचा जंतुसंसर्ग कसा टाळावा?

प्रश्न:
मला पाचवा महिना सुरू आहे आणि या गरोदरपणात लघवीचा जंतुसंसर्ग दुसऱ्यांदा झाला आहे. दोन्ही वेळा प्रतिजैविकांच्या गोळ्या पूर्ण घेतल्या, जळजळही थांबली. पाणी भरपूर पिते, स्वच्छता पाळते. तरीही तो परत का होतो, आणि पुढे तो टाळण्यासाठी डॉक्टरांना नेमके काय विचारावे?

उत्तर १:
ताई, यात तुमच्या स्वच्छतेचा दोष आहे असे कृपया मानू नका. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढते गर्भाशय त्यांच्यावर, विशेषतः उजवीकडे, दाब देते आणि साचलेल्या लघवीत ई. कोलायसारखे जंतू सहज वाढतात. जळजळ थांबली तरी जंतू उरलेले असू शकतात; म्हणून गोळ्या संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी लघवीचे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) पुन्हा झाले होते का, हे आधी पाहा. काहीही त्रास नसताना लघवीत आढळलेल्या जंतूंवर इतर वेळी सहसा उपचार करत नाहीत, पण गरोदरपणात करतात, कारण ते तसेच राहिल्यास संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढण्याचा धोका बराच वाढतो.

उत्तर २:
संसर्ग वारंवार होत असेल तर सेफालेक्सिनसारखे प्रतिजैविक कमी मात्रेत रोज रात्री, किंवा शरीरसंबंधांनंतरच त्रास उद्भवत असेल तर फक्त त्यानंतर, देण्याचा पर्याय असतो. त्याबद्दल जरूर विचारा. मागच्या वेळची उरलेली गोळी मात्र स्वतःहून घेऊ नका. नायट्रोफ्युरँटॉइन हे प्रतिजैविक प्रसूती जवळ आल्यावर टाळतात, कारण त्याने नवजात बाळाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि ट्रायमेथोप्रिम हे दुसरे प्रतिजैविक फोलेट या जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणत असल्याने पहिल्या तिमाहीत टाळले जाते. क्रॅनबेरी या फळावर भिस्त ठेवू नये, कारण गरोदर स्त्रियांमध्ये त्याचा ठोस फायदा दिसलेला नाही.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. गोळ्यांनंतर कल्चर झालेच नव्हते. ते आता करून घेते.

उत्तर ३:
नमुना देताना सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्या. ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस हा जंतू आढळल्यास तो अहवाल प्रसूतीपर्यंत जपून ठेवा, कारण उपचार झाले तरी प्रसूतीच्या वेळी शिरेतून प्रतिजैविक द्यावे लागते. थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणे किंवा उलट्या सुरू झाल्या, तर अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.